एक उभी रेघ

“दूध उतू गेलं, आणि आमच्या मातोश्री क्ष शोधतायत,” लेक शेगडी पुसता पुसता पुटपुटली. पुटपुटणं असं की पुढच्या खोलीतही ऐकू जावं.

आईने बीजगणिताच्या पुस्तकातून मान वर केली नाही. शाळेत तिचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा. नापास झाली ती पुन्हा त्या वाटेला गेलीच नाही. पुढे पदरात पडले ते गणिताचे मास्तर. संसारभर तिने त्यांना चहा विचारला, गणित कधी विचारलं नाही. आताही अडलं की ती पुस्तकाच्या मागची उत्तरं बघायची.

“बाबांना विचार की. विहीर घरात, आणि तू आपली तहानलेली.”

“त्यांना नवा चष्मा सरावाचा व्हायचाय अजून.”

लेकीने फडकं पिळलं. जरा जास्तच पिळलं.

चष्मा दुसऱ्यांदा बदलून झाला होता. शिकवणीची मुलं एकेक करून गळत होती. पालक म्हणत, वेळ जुळत नाही. घरातले म्हणत, नंबरच चुकीचा काढलाय.

संध्याकाळी पुढच्या खोलीत शिकवणी भरली. आई चहा घेऊन दारात थबकली. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: ३क्ष − १२ = १५. मग उणे बारा पलीकडे नेले. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे त्यांनी मुलांच्या किती पिढ्यांना दटावून सांगितलेलं. आज चिन्ह बदललं नाही. पंधरा उणे बारा. क्ष बरोबर एक.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

आईने चहा टेबलावर ठेवला. खडू उचलला. त्या उण्यावर एक उभी रेघ मारली. उण्याचं अधिक झालं. खालचा एक पुसून तिने तिथे नऊ लिहिले. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण उत्तर बरोबर.

“नवा चष्मा आहे ना, नीट दिसत नाही त्यांना,” ती मुलांना म्हणाली.

मास्तर त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि तिच्या हातात दिला.

“दिसतंय मला,” ते म्हणाले. “गणित येईनासं झालंय.”