शंकरप्पांच्या आजोबांची समाधी

“शंकरप्पा, इथं फक्की वाकडी का गेली?”

कामाच्या पाहणीला आलेले वीरभद्र साहेब जीपमधून उतरले ते थेट त्या वाकड्या रेघेवरच येऊन उभे राहिले. हजेरी कारकून शंकरप्पा हजेरीचं पुस्तक सावरत मागोमाग आले. सगळ्या माळावर खड्ड्यांच्या रांगा दोरी धरून सरळ आखलेल्या. या एका जागी मात्र चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ बिचकल्यासारखी बाजूला सरकली होती, आणि मोठा गोल वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला लागली होती.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं पाहिजे होतं. कचेरी नवी, पाट्या नव्या, आणि यंदा मृग कोरडा गेला म्हणून माळसुद्धा नवा. अहमदपूरच्या अलीकडच्या या माळावर गवताशिवाय काही उगवत नाही, म्हणजे तो पडीक, असं ठरलं. तिथं दहा हजार खड्डे खणून झाडं लावायचं दुष्काळी काम निघालं. चार गावांच्या बाया त्यावर राबत होत्या.

आणि त्या गोलाच्या मधोमध एक अंडं होतं. माळढोकाचं. ना घरटं, ना काडी. उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाचं. वर्षाकाठी एखादंच अंडं घालणारा पक्षी. शंकरप्पा लहान असताना याच माळावर दहा-बारा माळढोक एका रांगेत चालताना दिसायचे, तालुक्याला निघालेल्या पाटलांसारखे मान ताठ करून. मग शिकारीच्या जीपा आल्या, नांगर आले. गेल्या सहा वर्षांत त्यांनी एकही पाहिला नव्हता. आणि परवा आखणी करताना दहा पावलांवरून मादी उठली.

माणसांची ये-जा वाढली तर ती अंडं टाकून कायमची निघून जाते, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात वाचलेलं साहेबांना सांगायचं धाडस मात्र त्यांच्यात नव्हतं. एका अंड्यासाठी सरकारी काम वळवणारा मी कोण, असं त्यांनी दिवसभर स्वतःला विचारलं. आणि शेवटी गुपचूप रेघच वळवून टाकली.

“अहो, बोला की!”

“तिथं... समाधी हाय, साहेब.”

“कुणाची?”

“आमच्या आजोबांची.”

जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि त्यासाठी आजोबांना कामाला लावलं. पण खोटं चांगलंच लागू पडलं. साहेब उदगीरचे, शंकरप्पांसारखेच लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. साहेबांनी बूट काढले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि गोलाबाहेरूनच नमस्कार केला.

“आधी नाही का सांगायचं? आणि नुसती मोकळी जागा सोडलीत! तुडवली गेली तर नव्या जिल्ह्याला पाप लागेल,” साहेब म्हणाले. “उद्या सगळी गँग इकडं लावा. दगड आणा, मधोमध झकास ओटा बांधा.”

“नको साहेब. आजोबांना... गाजावाजा आवडत नव्हता.”

“मला आवडतो ना! परवा नारळ घेऊन येतो मी.”

जीप धुरळा उडवत गेली.

दुपारी बाया बाभळीच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या. शंकरप्पा त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत चार गावांत बोभाटा होणार आणि नोकरी जाणार. न सांगावं, तर उद्या चाळीस बायांचे पाय आणि गाडीभर दगड त्या अंड्यावर.

“सरजाबाई,” ते शेवटी मुकादमीणबाईला म्हणाले, “उद्या तिथं ओटा बांधू नका. तिथं समाधी न्हाई.”

“न्हाईच,” सरजाबाईनं ठेचा भाकरीवर पसरला. “तुमचा आजा तुमच्या मळ्यात चिंचेखाली हाय. त्याच्या मातीला मी आलते की, परकर नेसायची तवा. म्हणलं, म्हातारा इथवर चालत कवा आला?”

बाया खदखदून हसल्या. शंकरप्पांचे कान लाल झाले.

“तिथं माळढोकाचं अंडं हाय,” ते पुटपुटले.

“हाव, ते बी माहीत हाय. आप्पा, आम्ही दिवसभर वाकून काम करून राहिलो. जमीन आम्हाला तुमच्या आधी दिसती.”

“मग उद्या कसं करायचं?”

“बांधायचा की ओटा. साहेबाचा शब्द हाय. पण हिथं न्हाई, त्या पलीकडच्या टेकाडावर. साहेबाला सगळा माळ सारखाच दिसतो. नारळ फुटला म्हंजे झालं.”

“आणि ही मोकळी जागा? तिचं काय सांगू?”

“हिथं आजी हाय म्हणा.”

पुन्हा हशा उसळला. या वेळी शंकरप्पाही हसले, पहिल्यांदाच, तोंडावर हात धरून. वळून ते चार पावलं गेले असतील नसतील, मागून सरजाबाईची हाक आली.

“आन आप्पा, वड्याकडची आखणी कराल तवा तुमच्या दोन आत्यांना बी जागा सोडा. पंधरा दिस झालं आम्ही तिकडून वळसा घालून जाऊन राहिलो. तिथं अजून दोघी बसल्यात.”