आधी दचकणारं पोर

जमीनदाराचं रान सरकारजमा झालं, त्या हिवाळ्यात कुरखेड्याकडे सागाची तोड सुरू झाली. रानात झाड कोसळलं की सोमारीचं पंधरा दिवसांचं पोर दोन्ही हात फेकून दचकायचं.

"असा काऊन करते, बाई?" तिनं पोराला तेल लावणाऱ्या नीलाबाई सुईणीला विचारलं.

"नवं लेकरू आवाजानं दचकतेच. भेव नको धरू."

सोमारीला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की आवाज नंतर येतो.

आधी पोराचे हात उडत, मग झाड पडे. नीलाबाईच्या हातून झाकण निसटलं, त्याच्याही आधी पोराची इवली बोटं फाकली होती. आवाज जेवढा मोठा, तेवढं पोर आधी दचकायचं.

ती कुणाजवळ बोलली नाही. तिचा नवरा दसरू त्या तोडीवरच होता. पोर दचकलं की झाड पडून माणसांची हाळी ऐकू येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा.

दुपारी तोड थांबली. दसरू धडधाकट घरी आला, कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवून त्यानं पोराला मांडीवर घेतलं. सोमारीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पोर दचकलं. असं ते कधीच दचकलं नव्हतं. पाठीची कमान झाली, हात ताठ फेकले गेले, आणि मग त्यानं बापाची बंडी घट्ट धरली.

"भेला वाटते," दसरू हसला. "पण इथी तं काईच वाजलं नाई."

सोमारीनं पोराच्या कानांवर हात ठेवले आणि ती वाट पाहू लागली.