बल्बाकडं बघा

"बल्बाकडंच बघायचं, वहिनी. रस्त्याकडं न्हाई, कुठंच न्हाई," सिद्धोधन म्हणाला आणि त्यानं ट्रकचं दार ओढून घेतलं.

सत्यशीला केबिनमध्ये मधोमध बसली होती. एका बाजूला वायरिंगचं काम करणारा सिद्धोधन, दुसऱ्या बाजूला स्टेअरिंगवर तिचा नवरा महारुद्र. इंजिनाच्या डिझेल पंपाकडे करंट नेणाऱ्या वायरीला सिद्धोधननं दुसरी लांब वायर जोडून ती गिअरच्या फटीतून वर आणली होती. तिच्या टोकाला लावलेला बल्ब सत्यशीलाच्या हातात होता. दुपारच्या उन्हात उजेड दिसावा म्हणून तिनं तो पदराच्या सावलीत धरला होता.

"गाडी बंद पडताना बल्ब बी विझला, तर खोट वायरिंगमधी. बल्ब जळतच राहिला, तर खोट वायरिंगमधी न्हाई."

"मग कुठं?"

"मग बघू."

महारुद्रनं सेल्फ मारला. मानवतच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरलेली गाडी परभणीच्या रस्त्याला लागली.

भरलेली गाडी चालता चालता मधेच बंद पडायची, रिकामी असली की कधीच नाही. गॅरेजमध्ये तर नाहीच. जिथं दाखवली तिथून 'काही नाही' म्हणून परत आली. मालकाचं म्हणणं सरळ होतं. ड्रायव्हरला डुलकी लागते, गिअरमध्येच ब्रेक दाबला जातो, मग इंजिन बंद पडणारच.

सत्यशीलाचं भय डुलकीचं नव्हतं. महारुद्रच्या बापाला फेफरं यायचं. चुडाव्याच्या फाटकात गाडी रुळावरच बंद पडली आणि लोकांनी ट्रॅक्टर लावून ती बाहेर ओढली, त्या दिवशी घरी येऊन महारुद्र म्हणाला होता, "आधी गाडी गेली का मी गेलो, ते मला सांगता यायना." पुन्हा दोघांनीही तो विषय काढला नव्हता. आज मात्र ती न विचारता गाडीत चढून बसली होती.

खड्डा आला की ती श्वास रोखायची. गाडी बंद पडावी असं तिला वाटत होतं आणि पडू नये असंही. बल्ब जळत होता. ती क्षणभर बल्बाकडे बघायची, की लगेच नजर नवऱ्याच्या डोळ्यांकडे जायची. महारुद्र सारखा तळहात पँटला पुसत होता. सिद्धोधन दारावर बोटं वाजवत होता.

"काय बघायलीस?" रस्त्यावरची नजर न काढता महारुद्रनं विचारलं.

"काय न्हाई."

"बल्ब बघ."

मोरीवर गाडी दणकली आणि इंजिनाचा आवाज तुटला. महारुद्रच्या तोंडून शिवी गेली. जड झालेलं स्टेअरिंग त्यानं दोन्ही हातांनी डावीकडं ओढलं, आरशात बघितलं, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला हात बाहेर काढून वाट दिली आणि गाडी कडेच्या बाभळीखाली नेऊन थांबवली.

"बल्ब गेला का?" सिद्धोधननं विचारलं.

सत्यशीलानं खाली बघितलं. बल्ब जळत होता.

"आता तर हाय."

"आताचं न्हाई, वहिनी. बंद पडली तवा?"

"तवा मी ह्यांच्याकडं बघायलते."

सिद्धोधननं कपाळाला हात लावला. "एवढी एकच गोष्ट बघायची होती की. सकाळपासून त्याच्यासाठीच खपायलोय."

"ह्यांचे डोळे उघडे होते," सत्यशीला म्हणाली. "आरशात बघितलं ह्यांनी. त्या मोटारसायकलवाल्याला वाट दिली. सगळं बघितलं मी."

"डोळे उघडेच असणार. त्याचं काय?"

महारुद्र समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"जाऊ का पुढं?" त्यानं विचारलं. सिद्धोधनला नाही, तिला.

"चला."

गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. आता सत्यशीला बल्बाशिवाय कुठंच बघत नव्हती. बाजूनं एसटी गेली, समोरून उसाचे ट्रॅक्टर आले, महारुद्रनं करकचून ब्रेक दाबला, तरी तिनं मान वर केली नाही. पुढं डांबर उखडलेलं होतं. बल्ब लुकलुकला आणि विझला.

"गेला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यामागोमाग इंजिन बंद पडलं.

गाडी कडेला लागली तसा सिद्धोधन उडी मारून गाडीखाली शिरला. आता कुठली वायर धरायची हे त्याला ठाऊक होतं. पंपापासून बोटांनी चाचपत तो मागं मागं गेला आणि एका जागी थांबला. तेवढा तुकडा कापून त्यानं महारुद्रला दाखवला. वरचं रबर शाबूत होतं, आतलं तांबं तुटलेलं. भरलेली गाडी दणकली की आतली टोकं सुटायची आणि पुन्हा आपोआप टेकायची.

"कुणाला दिसणार हे?" सिद्धोधन म्हणाला. महारुद्रनं तो तुकडा हातात घेतला, वाकवून बघितला आणि परत दिला.

नवी वायर जोडून होईपर्यंत ऊन उतरलं. महारुद्र केबिनमध्ये चढला. सत्यशीला सीटवर मान टाकून झोपली होती. तोंड जरासं उघडं, एक चप्पल पायातून सुटलेली. कितीतरी रात्री ती अंधारात त्याच्याकडं तोंड करून जागी पडलेली असायची. त्याला ते ठाऊक होतं. तो झोपेचं सोंग घेऊन पडायचा.

मालकाचा फोन आला. त्यानं तो घाईनं बंद केला.

"मारा की सेल्फ," खालून सिद्धोधन म्हणाला. "आता न्हाई बंद पडायची."

महारुद्रनं किल्लीवरचा हात काढून घेतला.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. "निजलीय ती."