चंद्रीचं रेडकू

"लांबूनच बघ," कडूबाई म्हणाली. "जवळ गेलास तर म्हैस बिचकंल, दूध चोरंल."

शहादेव गोठ्याच्या दारातच थांबला आणि त्यानं मोबाइल वर धरला. चंद्री पायाशी पडलेल्या रेडकाला चाटत होती. रेडकाचं पोट संथपणे वरखाली होत होतं. कडूबाई, त्याची आई, धार काढत होती. चरवी भरत आली होती.

शहादेव अकरा वर्षं अघोरी सिनेमे काढत होता. तेलगावजवळच्या बंद सहकारी जिनिंग कारखान्यात शूटिंग, काकवीत रंग कालवून केलेलं रक्त, रबराची आतडी. कापाकापीची सगळी कामं तो स्वतःच्या हातानं करी. सेन्सॉरकडे तो कधी गेलाच नाही. परदेशातले हौशी लोक त्याचे सिनेमे मागवून बघत. त्यांचा शेरा ठरलेला: ह्या माणसाची प्रेतं अव्वल, पण ह्यानं घडवलेले जिवंत प्राणीही प्रेतंच वाटतात. ते त्याला लागायचं.

यंदाच्या दुष्काळात चंद्रीचं रेडकू जन्मून तिसऱ्या दिवशी मेलं आणि ती दूध देईना. दूध संस्था पेंड द्यायची ती रोज दूध घालणाऱ्यांनाच. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवायची रीत होती, पण कातडं कुत्र्यांनी फाडलं होतं.

"इतके मुडदे करतूस," आई म्हणाली होती, "मला एक जितं रेडकू करून दे की."

तो आठ दिवस राबला. रबराची कातडी, एकेक करून रोवलेले केस, काचेचे डोळे, पोटात बॅटरीवर चालणारा पंप. रेडकू आईच्या हवाली करून तो एडिटिंगसाठी परळीला गेला. पाच दिवसांनी, आज, परतला तर चंद्री पान्हावलेली.

संस्थेचे चेअरमन आबासाहेबही दारातून बघून गेले.

"लई भारी केलंस, बे! मला वाटलं, आता रेकतंय का काय."

शहादेवला हसू आवरेना. त्यानं व्हिडिओ हैदराबादच्या एका स्टुडिओला पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन आला. असा श्वास आमच्या कुणालाच जमला नाही, ते म्हणाले. सोमवारी हेच रेडकू घेऊन या, मोठ्या सिनेमातले सगळे प्राणी तुमच्याकडे.

"आई, नशीब उघडलं!"

कडूबाईचा हात थांबला. "हेच कावून? दुसरं करून ने की."

"त्यांनी हेच पाह्यलंय. पेंडीची काळजी करू नको, मी विकत आणून टाकतो."

ती पदर खोचत गोठ्याकडं वळली. तिला दुधाचीच धास्ती असणार, असं त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी टेम्पो दाराशी लागला. शहादेव चादर घेऊन पहिल्यांदाच गोठ्यात शिरला. चंद्री फुरफुरली. तो वाकला आणि त्यानं रेडकाच्या पोटाखाली हात घातला. पोट गरम होतं.

रेडकू धडपडत उठलं, चंद्रीच्या कासेला ढुसण्या देत प्यायला लागलं.

"शेजारच्या वच्छलाबाईचं हाय ते, तिची म्हैस मेली," कडूबाई दारातून म्हणाली. "तुझ्या रबराच्याला चंद्रीनं पयल्याच दिवशी शिंगावर घेतलं, बाळा."