भोवरा

बालाजीनं फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू जनावरांच्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या पाठीवर कौतुकानं बोट फिरवलं. "बघा मॅडम, भोवरा! बैलाला असतो तसा. नांदेडच्या पार्टीला म्हनलं, लक्ष्मीचं पिल्लू हाय."

मनिषानं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. औशाहून लातूरपर्यंत पिल्लू तिच्या मांडीवर होतं. साडी मुतानं ओली झाली होती. त्याचे मागचे पाय चिंधीसारखे लोंबत होते. ह्या माणसाला दिसला तो भोवरा.

डॉक्टर लुंबिनीनं केस बाजूला केले. मधोमध बारीकसं भोक होतं. हलकंच दाबलं तर चिकट पू आला.

"हा भोवरा नाही. आईच्या पोटात याचा कणा मिटलाच नाही. कातडी पार आत मणक्यापर्यंत गेलीय. पाय गेले ते त्यानंच. हे बरं होणारं नाही. आधी अशी पिल्लं निघाली होती?"

"न्हाई," बालाजी म्हणाला.

"तीन," मनिषा म्हणाली. "मीच पुरली."

बालाजी हसला. "कुतरीतच खोट हाय मॅडम. आपला नर बघा की! शेपटीला कशी गाठ हाय. चॅम्पियनची अवलाद!"

खाली धापा टाकत बसलेल्या नराची पाठ आणि शेपटी डॉक्टरनं चाचपली. "ही गाठ वाकड्या मणक्यांची आहे. खोट यातही आहे. आणि पिल्लाची आई याची कोण?"

"लेक. रक्त एकदम प्युअर राहतं."

पानटपरीवर फुशारकी मारावी तसा बोलला तो. मनिषाला शिसारी आली. गॉगल डोक्यावर चढवून गावभर ब्रीडर म्हणून मिरवतो, आणि मेलेल्या पिल्लाला हात लावायची ह्याला किळस येते.

फोन वाजला. "हाव शेट, हाव! पुढच्या वेतातलं पयलं तुमचंच," म्हणत तो बाहेर गेला.

मनिषानं पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्याला शांत जाऊ द्या मॅडम. लई सोसलं त्यानं." मग तिनं नराची साखळी ओढून त्याला टेबलाजवळ आणलं. "आन् ह्याचं ऑपरेशन करून टाका. परत बापच होऊ नये."

"मालकांना विचारावं लागेल."

"खाऊ मी घालते, गू-मूत मी काढते. मालक मीच हाय."

काचेपलीकडं बालाजी मोठमोठ्यानं हसत होता.

"निदान कुत्र्याला भुलीचं इंजेक्शन तरी द्या," मनिषा म्हणाली, "त्यांचं बोलणं संपायच्या आत."