ज्वारीचं पिंप

औरादच्या सरुबाईच्या घरात हॅकरच्या मालिकेवरून जुंपली होती. मालिकेतला नवरा परगावी बसून बायकोच्या मोबाईलातून तिचं समदं बोलणं चोरून ऐकायचा.

"थापा मारायलेत मेले!" सरुबाई फणकारली.

"आत्याबाई, खरंच ऐकता येतंय तसं," सून दीपमाला म्हणाली.

"व्हय? मग ती बया माहेरी येऊन बी गप कामून बसलीय? लिहिणाऱ्याला अक्कलच न्हाई!"

नौबादच्या सासरहून आलेली लेक पंचशीला कोपऱ्यात बसली होती. सरुबाईनं किती खोदून विचारलं, तरी आल्यापासून ती 'सुखात हाय' एवढंच म्हणायची. ती उठली. आपला मोबाईल तिनं ज्वारीच्या पिंपात खोल खुपसला, झाकण लावलं आणि आईला चिकटून बसली.



"आई, आता इचार, मी सुखात हाय का म्हणून."