कय्यूमच्या घरात

“म्हणजे शिकवतात चांगलं, पण छळतात. असंच ना?” वामनरावांनी विचारलं.

“हाव,” बी.ए.च्या वर्गातला हिंमत म्हणाला. “सारे पोट्टे वैतागून गेले, साहेब.”

वामनरावांची जिनिंग फॅक्टरी होती आणि खामगावच्या या नव्या कॉलेजचे ते अध्यक्ष होते. टेबलाशी समितीचे आणखी दोघे बसले होते. ज्यांच्याविषयी हे सगळं चाललं होतं ते भगवानराव सर भिंतीलगतच्या खुर्चीवर होते. ते आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवत. याच कडकपणापायी त्यांची आधी अमरावतीची नोकरी गेली होती, मग नागपूरची. वय पन्नाशीच्या पुढं. इथून काढलं, तर मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांना दारात उभं करील असं कॉलेज उरलं नव्हतं.

हिंमत मुलांची मतं सांगत गेला. सरांना पुस्तकातलं उत्तर चालत नाही. तहाची कलमं पाठ करून गेलं, तर विचारतात, हरलेल्या देशाच्या लोकांनी ती वाचली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? निबंध परत देतात आणि ‘पुन्हा’ एवढंच म्हणतात. बी.ए.ची परीक्षा तोंडावर आली आणि चाचणीत अर्धा वर्ग नापास.

वर्गातली एकुलती एक मुलगी कोकिळा. तिलाही विचारलं.

“मले रडवलं त्याइनं,” ती म्हणाली. “पोरगी म्हणून सोडलं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “बाकीचे सर तर मले काही विचारतच नाहीत.”

वामनरावांनी पहिलं तेवढं लिहून घेतलं.

“आणि तो दिवाळीनंतरचा तास?” त्यांनी हिंमतला विचारलं.

खरी तक्रार तीच होती. स्वातंत्र्य मिळून तीन-चार महिने झाले होते. पंजाबातल्या कत्तलींच्या बातम्या रोज येत होत्या. त्या दिवशी सरांनी फळ्यावर नवी सरहद्द काढली, खडू ठेवला आणि हिंमतला उभं केलं.

“कय्यूमच्या घरात सध्या काय बोलणं चाललं असेल? त्याच्या जागी उभा राहून सांग.”

कय्यूम मागच्या बाकावर होता. दोघांच्या घरांची भिंत एकच. लहानपणापासून दोघं एकाच रस्त्यानं शाळेत गेले होते.

“त्याइले भ्यायचं काही कारण नाही,” हिंमत म्हणाला होता. “आपण सारे एकच आहो.”

“ही तुझी बाजू झाली. त्याची सांग.”

हिंमतनं पुन्हा तोंड उघडलं. कय्यूमची आई हल्ली बाजारात येत नाही, इतकं त्याला आठवलं. त्याच्यापुढं काही सुचेना. सरांनी घंटा होईपर्यंत त्याला उभं ठेवलं. “भिंतीला भिंत आहे तुमची,” ते जाताना म्हणाले, “आणि तुला पाच मिनिटं बोलता येत नाही.” हिंमतचे कान तापले. त्याच संध्याकाळी तो घरोघर फिरला आणि तक्रारीसाठी मुलं गोळा केली.

शेवटी कय्यूमला बोलावलं. भर वर्गात त्याच्या घराचा विषय काढला गेला होता. त्याच्या साक्षीवर सगळ्यांची भिस्त होती. इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या सरांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

“सर लय कडक आहेत,” कय्यूम म्हणाला. “त्या दिवशी मले वाटलं, जमिनीत गडप व्हावं.”

वामनरावांनी मान हलवली. लिहिलं.

“पण एक सांगतो, साहेब. दंग्याच्या खबरा आल्या तवापासून गावात सारेच आमच्याबद्दल बोलून राह्यले. आमच्याकडून कोणी बोलून पाहिलं असंन, तं त्या एका तासाले. हिंमतले नाही जमलं. पण थो उभा होता.”

हिंमतला त्याच्याकडं पाहवेना. तो उठला. “साहेब, माही तक्रार मी वापस घेतो.”

“बस खाली,” वामनराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. “नवे प्राध्यापक सोमवारी रुजू होतात. त्यांना गेल्याच आठवड्यात कळवलंय.”

भगवानराव सर उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली, टेबलाकडं वळून नमस्कार केला आणि दाराशी गेले. तिथं उभ्या असलेल्या कय्यूमपाशी थांबले. आपल्यासाठी तो बोलला त्याविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही.

“परीक्षेचं कसं?” त्यांनी विचारलं. “अजून कच्चा आहेस तू. मी नसलो, तरी निबंध थांबवायचे नाहीत.”

“परीक्षेले नाही बसत मी, सर. शनिवारी आम्ही हैदराबादले चाललो. सारेच.”

“आणि घर?”

“इकलं अब्बानं.”

“कोणाला?”

कय्यूमनं एकदा हिंमतकडं पाहिलं. सर मात्र हलले नाहीत. उत्तर मिळाल्याशिवाय ते कधीच हलत नसत.

“हिंमतच्या बाबाइनं घेतलं,” तो हळूच म्हणाला. “परीक्षा होईपर्यंत पोराले सांगू नका म्हणाले, त्याचं मन लागणार नाही.”